तेवीस थेंब

त्या शनिवारी सकाळी दहाला माशांच्या टँकचे दिवे लागले आणि बाहेरच्या खोलीतून घड्याळकाकांची हाक आली, "अगं, जरा ये इकडे. लवकर ये!"

काकू स्वयंपाकघरात डबे पुसत होत्या. हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं नाही. अकरा वर्षं झाली टँक घरात येऊन, पण त्याच्यापायी नवऱ्यानं त्यांना कधी हाक मारली नव्हती, आणि त्याही कधी आपणहून तिकडे फिरकल्या नव्हत्या.

"काय म्हणते आता तुमची सवत?" त्या तिथूनच म्हणाल्या. मग चुकलंच म्हणून पुन्हा म्हणाल्या, "म्हणजे माझी हो!"

एरवी काकांनी काहीतरी टोला परत दिला असता. आज नुसतंच, "ये गं," आलं. तो आवाज ऐकून काकू फडक्यासकट बाहेर आल्या.

सवत म्हणजे चार फूट लांबीची काचेची पेटी, खाऱ्या पाण्यानं काठोकाठ भरलेली. मासे दोन-तीनच, तेही तोंडी लावण्यापुरते. खरा मान होता कोरलांचा, दगडासारखी हाडं असलेल्या जिवांचा. ही जात भलती नाजूक. पाणी अर्ध्या अंशानं तापलं तर रुसणार, मीठ चिमूटभर कमीजास्त झालं तर अंग टाकणार. कुणाच्या लग्नाला चार दिवस जायचं म्हटलं तरी आधी टँकचं काय करायचं ते ठरवायला लागायचं, आणि मग बहुतेक वेळा काकू एकट्याच जायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, "मी काही करू का मदत?" तेव्हा काका म्हणाले होते, "तू नको हात लावूस, बिघडेल काहीतरी." झालं! काकूंनी तो शब्द जो धरून ठेवला तो ठेवलाच. पाण्याला बोट म्हणून लावलं नाही. आता इतकं काय त्यात मनाला लावून घ्यायचं, असं कुणी म्हणेल. पण नवराबायकोंमध्ये अशा एवढ्याशा गोष्टींना वर्षानुवर्षं पाणी घातलं जातं, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं.

"हे बघ," काका म्हणाले.

टँकच्या मधोमध कोरलांतली निळी होती. जेवणाच्या ताटाएवढी पसरलेली, बोटाएवढ्या पन्नासेक फांद्यांची, आणि प्रत्येक फांदीचं टोक गडद निळं. तिच्या बुडाशी पांढरा पट्टा पडला होता. काकूंनी वाकून पाहिलं. कातडी सुटून लोंबत होती, तिचे बारीक धागे प्रवाहात वाहत होते, आणि खाली उघडं पांढरंशुभ्र हाड दिसत होतं.

"सकाळी सातला नव्हतं गं हे. तीन तासांत एवढं चढलंय."

"आणि कप्तान भावजी?"

"बसमध्ये बसला. चारला पोचतोय."

कप्तान हे नुसतं म्हणायचं नाव. आयुष्यभर जहाजांवर विजेच्या तारा ओढल्या आणि दिवे बदलले, पण निवृत्त होऊन आल्यावर सगळे त्याला कप्तानच म्हणायला लागले. निळी मुळात त्याची. या छंदातल्या माणसांची एक रीत असते. आपलं कोरल वाढलं की त्याचं एक बोट तोडून भरवशाच्या माणसाकडे ठेवायला द्यायचं. उद्या आपलं मेलं तर त्याच्याकडून परत मागायचं, आणि त्यानं नाही म्हणायचं नाही. याला ते अनामत म्हणतात. कप्ताननं पाच जणांकडे निळीची बोटं ठेवली होती. चौघांकडची एकेक करत गेली. मागच्या महिन्यात तो बाजारात गेला असताना त्याच्याच टँकची काच सांध्यातून उकलली, आणि परत येईपर्यंत सगळं पाणी जमिनीवर. फोनवर चक्क रडला होता. एकटा माणूस, बायको जाऊनही सहा वर्षं झालेली, घरात दुसरा जीव नाही. नवा टँक मांडून, पाणी मुरवून, आज तो आपली अनामत परत न्यायला निघाला होता. जगात दुसरीकडे कुठं असेल-नसेल देव जाणे, पण या दोघांच्या माहितीत निळी आता एवढीच उरली होती.

"म्हणजे ही गेली तर..."

"गेली तर गेलीच," काका म्हणाले. "त्याची अनामत बुडवली मी."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काकूंना त्यांची कीव आली आणि पाठोपाठ रागही आला. इतका जीव टाकतात एका दगडावर! पण हे बोलायची ही वेळ नव्हती, एवढं त्यांना कळत होतं.

"भूक लागलीय तिला, दुसरं काही नाही," काका भराभर बोलायला लागले. "आठ दिवस झाले, मलूल होत चालली होती. ही पाण्यातला क्षार खाऊन हाडं बांधते. तो कमी पडला की उपाशी राहते. मी रोज मोजतोय, रोज सोडा वाढवतोय, तरी आकडा खालीच! कुठं जातोय इतका क्षार, काही कळत नाही. थांब, आत्ता परत मोजतो."

ते जेवणाच्या टेबलाशी बसले. छोट्या काचेच्या नळीत टँकचं पाणी घेतलं. पहिल्या बाटलीतलं औषध टाकताच पाण्यात निळा रंग आला. आता दुसऱ्या बाटलीतले थेंब एकेक करून टाकायचे, आणि निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब, तितका क्षार. सोळा थेंब म्हणजे उत्तम, असं आतल्या दारावर चिकटवलेल्या कागदावर काकांनीच मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

काकू मागे उभ्या राहिल्या. त्या कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस. सव्वीस वर्षं त्यांनी काचेच्या नळ्या धुतल्या, द्रावणं भरली आणि पोरांच्या मागे उभं राहून थेंब पडताना पाहिले. प्राध्यापक बदलले, पण काकू तिथंच. कुठल्याही पोराचा आकडा वाचून त्या सांगायच्या, "बाळा, तू घाई केलीस, परत कर." थेंब पडताना दिसला की मनात मोजला जायचाच, त्याला इलाज नव्हता.

"एक," काका म्हणाले.

दोन पडले.

"दोन."

पुन्हा दोन. मग एक. मग दोन, एकाला एक लागून. बाटलीचं तोंड नळीच्या काठावर टिकटिक वाजत होतं. पहिल्यांदा काकूंना पोरांवर यायचा तसाच राग आला. अहो, दाबता काय इतकं! शब्द ओठांवर आले होते. मग त्यांची नजर काकांच्या मनगटाकडे गेली. काकांनी कोपर टेबलात रुतवलं होतं, डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं होतं, आणि तरी हात थरथरत होता. घाबरल्यावर हलतो तसा नव्हे. एका लयीत, थांबायचं नावच न घेता.

शर्टाचं बटण लावून द्यायला हल्ली ते सांगत होते. चहाचा कप अर्धाच भर म्हणत होते. बायकांची छोटी घड्याळं दुरुस्तीला येतच नाहीत आता, असं परवाच म्हणाले होते. हे सगळं त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं होतं, आणि वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

"तेरा," काका म्हणाले. पाणी पिवळं झालं होतं. "बघ! काल सकाळी चौदा, रात्री दोन चमचे जास्त घातले, तरी आज तेरा!"

काकूंच्या हिशेबानं तेवीस झाले होते.

काका उठले, तांब्यात पाणी घेतलं आणि सोड्याचे चार चमचे त्यात टाकले. निम्मा एक चमचा टेबलावर सांडला. तो त्यांनी तळहातानं पटकन पुसला.

खरं सांगायचं तर काकूंना गप्प बसावंसं वाटलं. एक क्षणभर का होईना, वाटलं. नाही बोललं तर काय होईल? निळी जाईल. कप्तान येईल, रडेल, जाईल. कोरलं काय, मरतातच. आणि ज्या माणसानं चाळीस वर्षं भिंगाखाली केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, ज्याच्या हाताची साऱ्या बाजारात वाहवा झाली, त्याला, तुमचा हात गेला हो, हे बायकोनं तोंडावर सांगायची वेळ टळेल. काका तांब्या ढवळत टँककडे निघाले.

"ओतू नका," काकू म्हणाल्या.

"आता मध्ये बोलू नकोस गं."

"अहो, तेरा नव्हते. तेवीस होते."

काका वळले. "काय?"

"तुमच्या एका आकड्याला दोन-दोन थेंब पडत होते. मी मोजले."

"चाळीस वर्षं मी डोळ्यांना न दिसणारी चाकं बसवतोय. आणि तू मला थेंब मोजायला शिकवणार?"

"हो, शिकवणार! सव्वीस वर्षं दुसरं केलंय काय मी?" काकूंचा आवाज चढला. "ठेवा तो तांब्या. ठेवा आधी! आणि बाटली द्या इकडे."

काकांनी तांब्या ठेवला. काकूंनी नळी धुतली, पाणी भरलं, निळं औषध टाकलं, दुसरी बाटली उलटी धरली. मोठ्यानं मोजायला लागल्या. सोळा आले, पाणी निळंच. काका जवळ आले. अठरा. वीस. निळंच. एकविसाला कडेनं हिरवट झाक आली, बाविसाला ती पसरली, तेविसाव्याला पिवळं झालं.

काकांनी डोळे नळीच्या अगदी जवळ नेले.

"भूक नव्हती तिला," ते म्हणाले. "मी भाजत होतो तिला. रोज."

"आता ते नको. काय करायचं ते सांगा. पाणी बदलायचं का?"

"नाही. एकदम खाली आणलं तर उरलीसुरलीही जाईल. सोडा बंद, तेवढंच. क्षार आपोआप उतरेल चार दिवसांत." काकांनी टँककडे पाहिलं. बोलण्यात गेलेल्या वेळात पट्टा आणखी बोटभर चढला होता. "पण तेवढा वेळ तिच्याकडे नाहीये. कापायला लागेल. पांढरं चढलंय त्याच्या वर दोन बोटं सोडून, चांगल्या अंगातून. एकेक फांदी."

त्यांनी कपाटातून आडकित्त्यासारखं जाड कटर काढलं, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. कटर उजवीकडच्या फांदीवर आलं, घसरलं, पुन्हा आलं. कटकन आवाज झाला, आणि सगळ्यांत धडधाकट असलेल्या, डावीकडच्या फांदीचे तीन तुकडे होऊन ते खालच्या लिबलिबीत रेंद्यात पडले.

काकांनी हात बाहेर काढला नाही. तसेच उभे राहिले, काचेला कपाळ टेकून.

"मला नीट दिसतंय गं कुठं कापायचं ते," ते म्हणाले. "हात ऐकत नाही."

काकूंनी पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि त्यांच्या हातातून कटर घेतलं. पाणी कोमट निघालं. इतकी वर्षं ते गार असेल असं उगाचच वाटत होतं त्यांना. बुडाशी हात गेला तशी एक कुजकट, खारट घाण वर आली.

"त्या पुढच्या फांदीला. अजून वर. अजून. हां, तिथं. दाब एकदम, हळू दाबलंस तर चुरा होईल."

कट.

"उचल. टोकाला धरू नकोस, कापलेल्या बाजूनं धर. रेंद्याला लागू देऊ नकोस, लागलं की पसरतं."

एक तुकडा, दुसरा, तिसरा. प्रत्येकाच्या बुडाला गोंदाचा ठिपका, खाली रुपयाएवढी चकती, आणि मग टँकच्या दुसऱ्या टोकाला, जिथं पाणी जोरात वाहतं तिथं ठेवायचा. गोंद काकूंच्या बोटांना चिकटला, दोन बोटं एकमेकांना चिकटली, ती ओढून सोडवताना सालटं निघालं. खाऱ्या पाण्यानं आग आग झाली. त्या थांबल्या नाहीत. पांढरा पट्टा वर चढत होता आणि त्या त्याच्या पुढे पळत कापत होत्या. दीड वाजेपर्यंत बारा तुकडे झाले. मग कापण्यासारखं काही उरलं नाही. ताटाएवढ्या निळीच्या जागी हाडांचा झुडपासारखा सांगाडा होता.

जेवायचं कुणालाच सुचलं नाही. दोघं टँकसमोर खुर्च्या ओढून बसले.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"तीन महिने."

"तीन महिने! आणि मला एका शब्दानं नाही?" काकूंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "तिचं बूड पांढरं पडलं तर घरभर हाका. स्वतःचा हात चालेना तर मूग गिळून बसलात. मी कोण आहे हो या घरात?"

काकांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

दोनच्या सुमारास एका तुकड्याची कातडी सुटली. काकूंनी तो उचलून बाहेर टाकला. अडीचला आणखी दोन गेले. तीनला एकदम तीन. प्रत्येक वेळी काका म्हणायचे, "तो काढ, लवकर," आणि काकू काढायच्या. साडेतीनला सहा होते. पावणेचारला चार. त्या चार तुकड्यांवरून दोघांची नजर हलत नव्हती. घंटी वाजली तेव्हा चारच होते.

कप्तान आत आला तो हसतच. बगलेत थर्माकोलचा डबा. "वहिनी, चहा नको, आधी दर्शन," म्हणत टँकपाशी गेला आणि तिथंच थबकला. मग सावकाश खाली बसला, डबा मांडीवर घेऊन.

"काय झालं रे?"

काका तोंड उघडायच्या आत काकू बोलल्या. "मीठ, भावजी. नवं पोतं काढलं, ते खराब निघालं. यांचा काही दोष नाही त्यात. आम्ही सकाळपासून धडपडतोय."

जन्मात इतकं सफाईनं खोटं त्या बोलल्या नव्हत्या. कप्ताननं मान हलवली. "मिठाचं काही सांगता येत नाही," तो पुटपुटला. निभावलं होतं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

"मीठ नाही," काका म्हणाले.

"अहो..."

"मीठ नाही रे. हे." त्यांनी मांडीखालून उजवा हात काढला आणि टँकच्या उजेडात समोर धरला. तिघंही पाहत राहिले. हात हलत होता, बोटं हलत होती. "थेंब मोजता येत नाहीत मला. मी चुकीचं मोजलं आणि रोज चुकीचं ओतलं. दुकानातसुद्धा बारीक कामं परत पाठवतो, सुटे भाग मिळत नाहीत म्हणून सांगतो लोकांना. हिलाही आज कळलं. तुझी अनामत मी मारली." त्यांनी घसा खाकरला. "ते चारही घेऊन जा. इथं नको ठेवूस. माझा काही भरवसा नाही आता."

कप्तान डब्याच्या झाकणावरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

चारही गेले की टँक रिकामाच झाल्यासारखा. मासे काय, कुणीही नेईल. ती जागा मोकळी होईल, तिथं दिवाण येईल, लग्नाकार्याला दोघांना मिळून जाता येईल. काकूंनी अकरा वर्षं हेच तर मागितलं होतं. त्यांनी काकांकडे पाहिलं. हात पुन्हा मांडीखाली गेला होता आणि मान खाली होती. इतका खचलेला त्यांनी हा माणूस कधी पाहिला नव्हता, आणि त्यांना ते बघवेना.

"चार कशाला?" त्या फटकन म्हणाल्या. "एकाच घरी सगळे ठेवायचे नाहीत, ही रीत तुमचीच ना? उद्या तुमची काच परत फुटली तर मागायला कुठं याल? दोन तुमचे, दोन इथं राहतील. थेंब मी मोजीन."

काकांनी मान वर केली.

"वहिनी, रोज मोजायला लागतात," कप्तान म्हणाला.

"रोज मोजीन. मला काय नळ्या नवीन आहेत?"

कप्तान उठला. काचेला नाक लावून त्यानं चारही तुकडे निरखले. दोन ठणठणीत होते, टोकं गडद निळी. दोन जरा फिके. त्यानं बाही सारली आणि फिके दोन उचलून पिशवीत घातले.

"अरे, ते नको," काका म्हणाले. "ते जगतील न जगतील. चांगले ने. तुझी अनामत आहे."

"चांगले इथंच राहू देत," कप्तान पिशवीला रबर लावत म्हणाला. "तुझ्याकडे मोजणारं माणूस आहे. माझ्याकडे मी एकटाच." मग तो चहाला थांबला नाही. परतीची बस होती.

दार लावून काकू आल्या तेव्हा काका खुर्चीतच होते.

"अगं," ते म्हणाले, "मला फार भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय," काकू म्हणाल्या. त्या शेजारी बसल्या, मांडीखालचा त्यांचा हात ओढून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो तिथंही हलतच राहिला. "सोमवारी डॉक्टरांकडे जायचं. दुकान उघडायचं नाही."

"बरं," काका म्हणाले.